पडद्यावरची चकती आणि भिंतीमागची वायर

मोबाइलवरची स्पीड टेस्ट १८० एमबीपीएस (सेकंदाला इतके मेगाबिट, एक मेगाबिट म्हणजे दहा लाख बिट) दाखवत होती आणि हातभर अंतरावर टीव्हीच्या पडद्यावर चकती गोल गोल फिरत होती. कनेक्शन तेच, राउटर तोच. अशा वेळी पहिला राग इंटरनेट कंपनीवर निघतो आणि दुसरा विचार मोठा प्लॅन घेण्याचा येतो. मीही आधी तेच केलं. पण खूपदा डेटा बाहेरून राउटरपर्यंत सुखरूप आलेला असतो आणि घरातल्या शेवटच्या वीस फुटांत अडखळतो.

मुळात सिनेमाला लागतं किती, याचा हिशेब करून बघू. फुल एचडी चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २० लाख ७३ हजार ठिपके असतात. एका ठिपक्याच्या रंगाला २४ बिट आणि सेकंदाला २५ चित्रं धरली, तर सेकंदाला जवळपास १२४ कोटी बिट होतात. एवढा लोंढा कोणी घरोघरी पाठवत नाही. लागोपाठच्या दोन चित्रांत बराचसा भाग तोच असतो, त्यामुळे बदललेलं तेवढंच पाठवायचं, डोळ्यांना न जाणवणारे बारकावे गाळायचे, असं करत करत हा आकडा साधारण ५ एमबीपीएसवर आणला जातो. ४के चित्राला १५ ते २५ पुरतात. सीडीच्या दर्जाचं, अजिबात न दाबलेलं संगीत जेमतेम १.४ खातं. म्हणजे घरात चौघं चार पडद्यांवर ४के बघत बसले तरी शंभरात भागतं. (हे ‘बिट’ आहेत. फाइल डाउनलोड होताना बहुधा बाइट दिसतात, एका बाइटचे आठ बिट. या एका अक्षरावरून कंपनीशी भांडलेले लोक मला माहीत आहेत.)

अपवाद एकच. स्वतःचे सिनेमे घरातल्या हार्ड डिस्कवर ठेवून टीव्हीवर बघणाऱ्यांचा. ४के ब्लू-रे डिस्कवरचा डेटा सेकंदाला १२८ मेगाबिटपर्यंत जाऊ शकतो. तिथे इंटरनेटचा प्लॅन काय कामाचा? सगळी वाहतूक घरातल्या घरात असते.

बाकीच्यांचं दुखणं वेगाचं कमी आणि सातत्याचं जास्त असतं. चित्रफीत काही सेकंदांच्या तुकड्यांत येते. आलेले तुकडे टीव्ही बफरमध्ये साठवतो आणि त्यातून पडद्यावर सोडतो. गच्चीवरच्या टाकीसारखंच हे. नळाला मध्येच पाणी गेलं तरी टाकी भरलेली असेतो कळत नाही. टाकी उतरू लागली की टीव्ही पुढचे तुकडे कमी दर्जाचे मागवतो, म्हणून आधी चेहरे पुसट होतात आणि मग चकती येते. लाइव्ह सामन्यात मात्र टाकी छोटी ठेवावी लागते, नाहीतर शेजारी ओरडल्यावर काही वेळाने आपल्याकडे गोल होतो. त्यामुळे ज्या वायफायवर सिनेमा सुरळीत चालतो त्यावरच सामना अडकतो. स्पीड टेस्ट काही सेकंदांची सरासरी सांगते. मधल्या दोन-तीन सेकंदांच्या खंडाबद्दल ती सहसा अवाक्षर काढत नाही.

हे खंड पडतात ते हवेमुळे. वायफायच्या एका चॅनलवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं. प्रत्येक उपकरण आधी कान देऊन ऐकतं, शांतता असेल तर थोडं थांबून बोलतं, पोच मिळाली नाही तर पुन्हा बोलतं. या सगळ्या शिष्टाचारात वेळ जातो, म्हणून खोक्यावर छापलेल्या आकड्याच्या निम्मा वेग प्रत्यक्षात मिळाला तरी बरं म्हणायचं. त्यातही एक खोच आहे. दूरच्या खोलीतला क्षीण सिग्नलचा फोन तोच डेटा हळू बोलतो, तेवढा वेळ चॅनल अडवतो आणि राउटरशेजारचं उपकरणही ताटकळतं. त्याच चॅनलवरचे शेजाऱ्यांचे राउटरही याच रांगेत असतात. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल जेमतेम तीन, १, ६ आणि ११. मायक्रोवेव्ह ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो, त्यामुळे त्याची किंचितशी गळतीही इथे गोंगाट करते. ५ गिगाहर्ट्झवर जागा मोकळी आहे, पण त्या लहरी भिंतीपलीकडे लवकर दमतात. पाणी लहरी शोषतं, धातू परतवतं. राउटर आणि टीव्हीच्या मध्ये माशांची टाकी किंवा आरसा लावलेलं लोखंडी कपाट असेल, तर आधी ते हलवावं आणि मग प्लॅनचं बोलावं.

वायरीतही एकेकाळी अशीच गर्दी होती. हवाई विद्यापीठाने १९७१ मध्ये बेटांवरचे संगणक रेडिओने जोडले. त्या अलोहानेटमध्ये सगळे एकाच लहरीवर बोलत, टक्कर झाली की थांबून पुन्हा बोलत. ती कल्पना घेऊन रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी १९७३ पासून झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत एका सामाईक केबलवर इथरनेट उभं केलं. वेग २.९४ एमबीपीएस. नावही पूर्वीच्या शास्त्रज्ञांनी अवकाशभर पसरलेलं मानलेल्या ‘ईथर’ या माध्यमावरून आलं. पुढे स्विच, म्हणजे ज्याचा डेटा त्यालाच पोचवणारा डबा, आला, प्रत्येक उपकरणाला स्वतःची वायर मिळाली, जाण्यायेण्याचे रस्ते वेगळे झाले आणि टकरा संपल्या. रेडिओकडून शिकलेली वायर पुढे निघून गेली. घरातला रेडिओ, म्हणजे वायफाय, अजून बराचसा त्या रांगेतच उभा आहे.

आजच्या इथरनेट केबलचं टोक सोललं तर आत आठ बारीक तारांच्या चार जोड्या दिसतात. प्रत्येक जोडी पिळलेली, आणि नीट बघितलं तर प्रत्येकीचा पीळ कमीजास्त. पिळाची युक्ती अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८१ मध्ये पेटंट केली होती. पिळामुळे बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच चढतो. पलीकडचं उपकरण दोन तारांतला फरक तेवढा वाचतं, त्यामुळे सारखा चढलेला गोंगाट आपोआप वजा होतो. जोड्यांचे पीळ वेगवेगळे ठेवल्याने त्या एकमेकींच्या कानातही कुजबुजत नाहीत. साधी कॅट-५ई केबल १०० मीटरपर्यंत सेकंदाला १ गिगाबिट, म्हणजे १००० मेगाबिट, नेते, घराला तेवढी पुष्कळ. फक्त तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल घेऊ नये. तिचा रोध जास्त असतो आणि चारदा वाकवली की तार तुटते.

त्यामुळे माझा हिशेब सरळ आहे. जे जागचं हलत नाही त्याला वायर: टीव्ही, गेमिंग कन्सोल, सिनेमांची हार्ड डिस्क, टेबलावरचा संगणक. ही मंडळी हवेतून उतरली की फोनना मोकळा श्वास मिळतो, हा वरचा नफा.

भिंती फोडायच्या नसतील तर घरात आधीपासून असलेल्या वायरी बघाव्यात. टीव्हीसाठी कोॲक्स केबल खोल्यांतून फिरवलेली असेल तर ‘मोका’ पद्धतीचे ॲडॉप्टर दोन्ही टोकांना लावून तीवरून नेटवर्क चालवता येतं. कागदावरचा वेग २.५ गिगाबिटपर्यंत आहे आणि ही जोडणी स्थिरही असते. विजेच्या वायरीतून डेटा नेणारी पॉवरलाइनही मिळते. ती माझ्या यादीत शेवटी आहे, कारण मोबाइलचे चार्जर आणि एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर त्याच वायरीत गोंगाट ओततात. घ्यायचीच तर ॲडॉप्टर थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावावा. एक्स्टेन्शन बोर्डातला सर्ज प्रोटेक्टर आपला सिग्नलही कचरा समजून गाळू शकतो.

रिपीटर (वायफायचा सिग्नल ऐकून पुढे पाठवणारा डबा) किंवा मेश (एकच वायफाय मिळून पसरवणारे अनेक डबे) लावताना सगळ्यांची एकच चूक होते. सिग्नल जिथे मेला तिथे तो ठेवायचा नसतो, कारण त्याला स्वतःलाच काही ऐकू येत नाही. जागा अर्ध्या वाटेवरची हवी. आणि एकाच रेडिओवर ऐकून त्यावरच पुढे सांगणारा रिपीटर उपलब्ध वेग निम्म्यावर आणतो. मेशच्या डब्यांना आपसात वायरने जोडता आलं तर चित्रच बदलतं.

आता माझ्या टीव्हीचं. फोन माझ्या हातात होता, उघड्या दारातून राउटर त्याला समोर दिसत होता. टीव्हीचा अँटेना मात्र धातूची पाठ आणि काँक्रीटची भिंत यांच्या सापटीत, आणि जोडलेला २.४ वर. मी भिंतीच्या कडेकडेने केबल टाकली, टोकं स्वतः क्रिंप केली, म्हणजे तारा प्लगमध्ये बसवून पकडीने दाबल्या. आमच्या राउटरवर गिगाबिटला हिरवा दिवा लागतो, १०० एमबीपीएसला नारिंगी. लागला नारिंगी. जोडीतली एखादी तार नीट बसली नसणार, कारण १०० चं काम दोन जोड्यांवर भागतं, गिगाबिटला चारही लागतात. टोक कापून पुन्हा क्रिंप केलं. नारिंगी. तिसऱ्यांदा केलं. नारिंगी. मग टीव्हीची माहितीपुस्तिका काढली. टीव्हीचा पोर्टच मुळात १०० चा होता. बऱ्याच टीव्हींचा असतो. त्या रात्री सिनेमा एकदाही न थांबता संपला, नारिंगी दिव्यावर.