झोप उतरते, अंग मात्र हलत नाही

जानेवारी १९४२मध्ये माँट्रियलला हॅरोल्ड ग्रिफिथ आणि एनिड जॉन्सन यांनी शस्त्रक्रियेत भुलीच्या जोडीला क्युरारे वापरलं. दक्षिण अमेरिकेतले शिकारी बाणांना लावत ते हे विष स्नायू सैल पाडतं. पण ते झोपही आणतं का, याबद्दल डॉक्टरांमध्येच गोंधळ होता. १९४७मध्ये युटाहचे भूलतज्ज्ञ स्कॉट स्मिथ यांनी शुद्धीत असताना स्वतःलाच ते टोचून घेतलं. श्वासाचे स्नायूही बंद पडले, सहकाऱ्यांनी कृत्रिम श्वास दिला. असर उतरल्यावर स्मिथ यांनी सांगितलं की सगळं ऐकू येत होतं, कळत होतं, वेदनाही जाणवत होत्या. आयसीयूत पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येकाला हा प्रयोग आधी शिकवावा, असं मला मनापासून वाटतं.

१९५२च्या पोलिओ साथीत कोपनहेगनला भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी गुदमरून धडपडणाऱ्या बारा वर्षांच्या मुलीला गुंगी दिली, तेव्हा कुठे तिच्या फुप्फुसांत हवा भरता आली. गुंगीचं औषध आयसीयूच्या जन्मापासूनच सोबत आहे.

पुढे व्हेंटिलेटर आठवडेच्या आठवडे चालू लागले आणि औषधं अंगवळणी पडण्याचा प्रश्न आला. गुंगीचं मिडाझोलाम, वेदना शमवणारं फेंटानिल सतत चालू राहिलं की मेंदूतले रिसेप्टर, म्हणजे औषध जिथे चिकटतं त्या जागा, त्याला सरावतात; कालच्या डोसवर झोपलेला पेशंट आज जागा होतो. व्हेंटिलेटरवरच्या काही पेशंटना स्नायू शिथिल करणारं औषधही देतात; तेही जास्त लागू शकतं, पण त्याचं कारण वेगळं. खूप दिवस न हललेल्या किंवा मोठ्या प्रमाणात भाजलेल्या पेशंटच्या स्नायूंवर असेटिलकोलीनचे, म्हणजे नसेचा निरोप स्नायूला देणाऱ्या रसायनाचे, रिसेप्टर वाढतात, म्हणून व्हेक्युरोनियमसारखं शिथिल करणारं औषध जास्त लागतं. दोन्ही औषधांचा जोर एकाच वेळी कमी होईल असं मात्र नाही. झोप आधी उतरली, तर माणूस स्मिथ यांच्यासारखा जागा असतो, फक्त त्याने हे स्वतःहून पत्करलेलं नसतं.

बाहेरून तो शांतच दिसतो. सक्शन करताना, म्हणजे श्वासनळीतला कफ ओढून काढताना, नाडी ९०वरून १३०वर जाते, रक्तदाब चढतो, डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी ओघळतं. सिस्टरच्या हाती एवढ्याच खुणा. त्याही खात्रीच्या नाहीत : तापानेही नाडी वाढते आणि काही औषधांनी ती दबूनही राहते. १९७०च्या सुमारास आलेल्या चाचणीत मनगटाच्या नसेला विजेचे चार हलके झटके देऊन अंगठा किती वेळा हलतो ते मोजतात. त्यातून स्नायूंचं कळतं, शुद्धीचं काहीच नाही.

२०००मध्ये शिकागोत जॉन क्रेस आणि सहकाऱ्यांनी १२८ पेशंटपैकी साधारण निम्म्यांची गुंगी रोज थांबवून पाहिली. त्यांचा व्हेंटिलेटरचा मध्यक काळ ४.९ दिवस निघाला, बाकीच्यांचा ७.३. तेव्हापासून रोज सकाळी गुंगी थांबवायची पद्धत पसरली. पण शिथिल केलेल्या पेशंटबाबत क्रम चुकवून चालत नाही. आधी शिथिल करणारं औषध बंद करायचं, अंगठा चारही वेळा नीट हलतो का पाहायचं, आणि मगच गुंगीच्या पंपाला हात लावायचा.