बेदाणा काळा का पडतो, आणि त्याचा अँटिऑक्सिडंटशी काय संबंध

तासगावच्या सौद्यात हिरव्या बेदाण्याला एक भाव आणि काळ्याला त्याच्यापेक्षा बराच कमी, हे आपल्याकडं पोराबाळांनाबी माहितीय. द्राक्ष तेच, बाग तीच, रंग फिरतो तो फिनॉलमुळं. आणि हीच फिनॉल अँटिऑक्सिडंट, म्हणजे ऑक्सिजनमुळं होणारी खराबी रोखणारी, म्हणून जगभर नावाजलेली आहेत.

फिनॉल म्हणजे सहा कार्बनची बेन्झीन रिंग आणि तिला थेट चिकटलेला ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी). ओएच दारूतल्या अल्कोहोलमध्ये पण असतो, पण तिथला हायड्रोजन सुटा करायला मोलमागं साधारण १०५ किलोकॅलरी लागतात, फिनॉलमध्ये ८७-८८ मध्ये काम होतं, कारण हायड्रोजन गेल्यावर मागं राहिलेला एकटा इलेक्ट्रॉन रिंगभर पसरतो आणि ते रॅडिकल (म्हणजे असा एकटा इलेक्ट्रॉन असलेला रेणू) निवांत राहतं, लगेच दुसऱ्या कुणाला धरायला धावत नाही.

शेंगतेल खवट कसं होतं बघा. तेलाच्या एका रेणूचा हायड्रोजन गेला की तिथं हवेतला ऑक्सिजन बसतो, त्याचं पेरॉक्सिल रॅडिकल होतं, ते शेजारच्या रेणूचा हायड्रोजन ओढतं, तो शेजारी पुढच्याचा, आणि चेन थांबतच नाही. मधे फिनॉल आलं की ते आपला हायड्रोजन देऊन टाकतं, चेन तुटते, वर उरलेलं फिनॉलचं रॅडिकल अजून एका पेरॉक्सिलला धरतं, म्हणजे एका रेणूत दोन चेन बंद. तेलातलं व्हिटॅमिन ई हेच करतं. काही तेलांच्या पिशवीवर टीबीएचक्यू लिहिलेलं असतं ते पण फिनॉलच, फक्त फॅक्टरीतलं.

आता बेदाणा. द्राक्षाच्या पेशीत कॅफ्टेरिक अॅसिडसारखी फिनॉल एका कप्प्यात आणि पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे एन्झाइम दुसरीकडं असतं. मणी सुकताना पेशी फुटतात, दोन्ही एकत्र येतात, मग हे तांबंवालं एन्झाइम ऑक्सिजन वापरून फिनॉलचं क्विनोन करतं आणि क्विनोन एकमेकांना जोडत जोडत तपकिरी-काळा रंग धरतात. सुकायला जेवढा उशीर तेवढं हे जास्त. म्हणून तर घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑईलच्या पाण्यात बुडवायचे, सालीवरचं मेण मोकळं झालं की आतलं पाणी झटक्यात निघतं, मग शेडमध्ये रॅकवर सावलीला टाकायचे आणि गंधकाची धुरी द्यायची, सल्फर डायऑक्साइड त्या एन्झाइमलाच गप्प करतो. ऐन हंगामात अवकाळी आला, हवेत ओल राहिली, की शेतकऱ्याच्या डोळ्यांदेखत माल काळवंडतो आणि वर्षभराची मेहनत पडत्या भावात जाते, याचं फार वाईट वाटतं. नुसता रंग काळा म्हणजे बेदाणा सडका असं अजिबात नाही.

पण बाटलीत घडतं ते अंगात तसंच घडेल असं धरून अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या खाऊ नका. अमेरिका-कॅनडात सिलेक्ट नावाची ३५ हजारांवर पुरुषांची ट्रायल झाली, २०११ च्या रिपोर्टमध्ये रोज ४०० युनिट व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांत प्रोस्टेट कॅन्सर नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांपेक्षा १७ टक्के जास्त निघाला. आपल्या सांगलीच्या हळदीतल्या कर्क्युमिनला तर असे दोन फिनॉलचे ओएच आहेत, पण ते पोटातून रक्तात जातं अगदी थोडं, आणि जेवढं जातं त्याच्या ओएचवरच आतडं आणि लिव्हर ग्लुकुरोनिक अॅसिड नाहीतर सल्फेट चिकटवून टाकतात, मग तिथं द्यायला हायड्रोजनच मोकळा राहत नाही.