गाडी चोरीला गेली आणि परत द्यायला पैसे मागतायत? पुण्यात एफआयआर, क्लेम आणि गाडी सोडवून घ्यायची प्रक्रिया, कागदपत्रांसकट

गाडी चोरीला गेली की लोक आधी काय करतात तर गाडीचा फोटो, नंबर आणि खाली स्वतःचा मोबाईल नंबर टाकून सोसायटीच्या, ऑफिसच्या, गावाकडच्या सगळ्या ग्रुपवर मेसेज फिरवतात. मग फोन येतो. "गाडी आमच्याकडे आहे, पोलिसांत जाऊ नका, एवढे एवढे पाठवा, कुठे लावलीय ते सांगतो." आकडा असा सांगतात की माणूस विचारात पडतो, कारण क्लेमच्या मागे महिनोन्‌महिने फिरण्यापेक्षा हे स्वस्त वाटतं. ईएमआय चालू असेल तर अजूनच. म्हणून ही माहिती नीट लिहून ठेवतोय, कारण त्या एका दिवसात जे कराल त्यावर पुढचं सगळं ठरतं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एफआयआरवर पडलेली तारीख आणि वेळ. पैसे द्यायचे की नाही हा विचार सुद्धा त्यानंतर करा.

त्याआधी १० मिनिटं एवढं बघा की गाडी खरंच चोरीला गेलीय ना. ट्रॅफिकवाल्यांनी टो केली असेल तर जवळच्या वाहतूक विभागात किंवा ११२ ला विचारलं की कळतं. हप्ते थकले असतील तर रिकव्हरीवाल्यांनी उचललीय का ते बँकेला विचारा. दोन्ही नाही म्हणजे चोरीच, मग थांबू नका.

एफआयआर कोण करू शकतं, कुठे करायची

आरसीवर नाव असलेलाच माणूस पाहिजे असं अजिबात नाही. ज्याला घटना माहिती आहे तो कोणीही फिर्याद देऊ शकतो, म्हणजे गाडी वडिलांच्या नावावर आणि वडील गावाला असले तरी मुलगा देऊ शकतो, कंपनीची गाडी असेल तर ड्रायव्हर देऊ शकतो. क्लेम मात्र पॉलिसी ज्याच्या नावावर त्यालाच मिळतो, हा फरक लक्षात ठेवा.

हद्दीचा घोळ पुण्यात भरपूर होतो. बाणेर पुणे शहर पोलिसांकडे, पण थोडं पुढे वाकड, हिंजवडी पिंपरी चिंचवड आयुक्तालयात, जे २०१८ मध्ये वेगळं झालं. त्यात २०२४ मध्ये बाणेर, खराडी, वाघोली, नांदेड सिटी अशी नवीन पोलीस ठाणी झाली त्यामुळे जुन्या लोकांनी सांगितलेलं ठाणं बरोबर असेलच असं नाही. पण "आमच्या हद्दीत येत नाही" म्हणून तुम्हाला परत पाठवता येत नाही. १ जुलै २०२४ पासून जो नवीन कायदा लागू झाला, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, त्याच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट आहे की हद्द कुठलीही असो, माहिती नोंदवून घ्यायची, यालाच झिरो एफआयआर म्हणतात, नंतर ते स्वतः योग्य ठाण्याकडे पाठवतात. ऑनलाइन माहिती दिली तरी चालते पण ३ दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची कॉपी फुकट मिळते, मागून घ्या, गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर) लगेच फोनमध्ये सेव्ह करा. घेतच नसतील तर लेखी अर्ज त्या झोनच्या पोलीस उपायुक्तांना पोस्टाने पाठवायचा, त्यानंतरही काही झालं नाही तर कोर्टात मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो.

एक चूक खूप जण करतात, ती म्हणजे हरवलेल्या वस्तूंसाठी पोलिसांची जी ऑनलाइन नोंद असते ती करून मोकळे होतात. ती मोबाईल, पाकीट, कागदपत्रं गहाळ झाली तर. चोरीसाठी ती चालत नाही, त्या कागदावर कुठलीही इन्शुरन्स कंपनी क्लेम देणार नाही.

सोबत काय न्यायचं: आरसी (गाडीतच गेली असेल तर डिजिलॉकर किंवा एमपरिवहनवरची चालते), पॉलिसी, आधार, गाडीचा फोटो असेल तर, चेसिस आणि इंजिन नंबर, आणि चावी. चावी जमा करायची नाहीये, दाखवायची आहे. गाडीत लॅपटॉप, कागदपत्रं, पैसे काय काय होतं तेही फिर्यादीत सांगा, नंतर आठवलं म्हणून सांगितलेल्या गोष्टीला किंमत राहत नाही.

फिर्याद ठाण्यात लिहून घेतात, पण आपण कच्चा मजकूर करून नेला तर काही सुटत नाही. साधारण असा: "दि. ... रोजी रात्री ... वा. चे सुमारास मी माझी चारचाकी क्र. एमएच १२ ... ही ... येथे स्टेअरिंग लॉक व दरवाजे लॉक करून पार्क केली होती. दि. ... रोजी सकाळी ... वा. पाहिले असता सदर गाडी मिळून आली नाही. आजूबाजूस शोध घेतला, मिळून आली नाही. कोणीतरी अज्ञात इसमाने सदर गाडी माझ्या संमतीशिवाय, लबाडीच्या इराद्याने चोरून नेली आहे." लॉक केल्याचं वाक्य खरं असेल तर नक्की घाला, आणि नसेल तर घालू नका, खोटं लिहिलं आणि सीसीटीव्हीत वेगळं निघालं तर क्लेमच जातो. चावी गाडीत राहिली असेल तरी सगळं संपलं असं नसतं, निष्काळजीपणाच्या अशा काही केसेसमध्ये सुप्रीम कोर्टाने ७५ टक्के रक्कम द्यायला लावलीय.

पैसे मागणारा फोन आला तर

आधी एक समजून घ्या, फोन करणाऱ्याकडे गाडी असेलच असं नाही. तुमच्या मेसेजमधला नंबर, रंग, मॉडेल वाचून कोणीही बोलू शकतो. गाडीची बरीचशी माहिती नंबर टाकला की ॲपवर दिसतेच, त्यामुळे "तुमची पांढरी स्विफ्ट, २०१९ ची, बरोबर?" याने काहीही सिद्ध होत नाही. मेसेजमध्ये न दिलेलं काहीतरी विचारा, मीटरवर किती किलोमीटर, डॅशबोर्डवर काय ठेवलंय, मागच्या काचेला कसला स्टिकर आहे. उत्तर आलं तरी पैसे पाठवायचे नाहीतच, फक्त पोलिसांना सांगायला उपयोग होतो की हा खरा माणूस आहे का फेकणारा. फेकणारा असेल तर भारतीय न्याय संहितेचं (जुन्या आयपीसीच्या जागी आलेला कायदा) फसवणुकीचं कलम लागतं, ३१८. खरा असेल तर चोरीचं ३०३, आणि "पैसे नाही दिले तर गाडी तोडून भंगारात घालतो" असं धमकावून पैसे घेतले तर कलम ३०८ चं खंडणीचं, त्याला ७ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. नुसतं धमकावलं आणि पैसे अजून दिले नसतील तरी त्याच कलमात शिक्षा आहे. म्हणूनच तो नेमकं काय बोलला ते शब्द महत्त्वाचे. फोन ठेवल्या ठेवल्या वेळ आणि वाक्यं लिहून काढा, रेकॉर्डिंग असेल तर मूळ फोनमधून डिलीट करू नका, व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट नंबरसकट घ्या. यूपीआय आयडी किंवा क्यूआर कोड पाठवला तर फार चांगलं, कारण त्याच्या मागे बँक खातं असतं आणि खात्याला केवायसी असते.

हे सगळं घेऊन तपास अधिकाऱ्याकडे जायचं आणि "पुरवणी जबाब" (एफआयआरनंतर दिलेला जादाचा जबाब) नोंदवून घ्या म्हणायचं. हा शब्द लक्षात ठेवा, कारण नुसतं तोंडी सांगून आलात तर ते कागदावर कुठेच नसतं. पुण्यात गुन्हे शाखेचं खंडणीविरोधी पथक वेगळं आहे आणि दरोडा व वाहन चोरी विरोधी पथकही आहे, ठाण्यात विचारून त्यांच्यापर्यंत माहिती जाऊ दे. भेटायला बोलावलं तर एकट्याने अजिबात जाऊ नका, मित्र घेऊनही जाऊ नका, पोलिसांना सांगून ते म्हणतील तसंच.

मग येतो मधला माणूस. "माझी ओळख आहे, चोराशी बोलणं करून देतो, थोडं मला द्या." गॅरेजवाला, भंगारवाला, कोणाचा तरी कोणीतरी. हा उपकार करत नाहीये. चोरीचा माल परत मिळवून देतो म्हणून पैसे घेणं आणि चोराला पकडून द्यायचा प्रयत्न न करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, भारतीय न्याय संहिता कलम २५२, २ वर्षांपर्यंत शिक्षा. हे काही नवीन नाही, जुन्या आयपीसीत कलम २१५ होतं, गुरं चोरून पैसे घेऊन परत करणाऱ्यांवर ते लावलं जायचं.

पैसे देऊन टाकले आणि गाडी मिळाली तर काय होतं, हे कोणी सांगत नाही. एफआयआर झालेली असेल तर ती गाडी पोलिसांच्या रेकॉर्डवर चोरीची म्हणूनच आहे, उद्या नाकाबंदीत तुम्हीच चोरीच्या गाडीत बसलेले सापडता. एफआयआर केलीच नसेल तर जास्त वाईट, कारण मधल्या दिवसांत त्या गाडीतून काय झालं तुम्हाला माहीत नाही, चेन ओढली, कोणाला उडवलं, काही वाहून नेलं, आणि नंबर तुमचा. तेव्हा दाखवायला तुमच्याकडे एकही कागद नसतो. शिवाय चोराला दिलेले पैसे इन्शुरन्समध्ये मिळत नाहीत. आणि खूप वेळा होतं असं की पैसे जातात आणि तो नंबर बंद होतो. पैसे गेलेच असतील तर लाजू नका, लगेच १९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन करा, जितक्या लवकर तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडवली जायची शक्यता जास्त.

पुरावा जो हातातून निसटतो

सोसायट्या आणि दुकानांचं सीसीटीव्ही काही दिवसांतच आपोआप पुसलं जातं, त्यावर नवीन रेकॉर्डिंग चढतं. म्हणून त्याच दिवशी सोसायटीच्या सेक्रेटरीला लेखी द्या की अमुक वेळेचं फुटेज जपून ठेवा. फास्टॅगचे मेसेज बघत राहा, खेड शिवापूर, पाटस किंवा एक्स्प्रेसवेवरच्या उर्से नाक्याचे पैसे कट झाल्याचा मेसेज आला तर दिशा कळली, वेळ कळली, तिथले कॅमेरे आहेत. रागाने फास्टॅग लगेच ब्लॉक करू नका, आधी पोलिसांना विचारा. ई-चलन आलं तर ते भरून टाकायची घाई करू नका, त्यात फोटो आणि ठिकाण असतं, प्रिंट काढून तपास अधिकाऱ्याला द्या.

इन्शुरन्सचा क्लेम

नुसती थर्ड पार्टी असेल तर चोरीचं काही मिळत नाही. कॉम्प्रिहेन्सिव्ह किंवा ओन डॅमेज, म्हणजे स्वतःच्या गाडीचं नुकसान आणि चोरी धरणारी पॉलिसी पाहिजे. मिळते ती आयडीव्ही, म्हणजे घसारा वजा करून पॉलिसीवर लिहिलेली गाडीची किंमत, शोरूमची किंमत नाही. ३ ते ४ वर्षांच्या गाडीला ४० टक्के घसारा धरतात, म्हणजे ८ लाखांची गाडी ४ लाख ८० हजार धरली जाते.

कंपनीला फोन करून त्याच दिवशी क्लेम नंबर घ्या. उशीर झाला म्हणून क्लेम नाकारला असेल तर माहिती असू द्या, सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये गुरशिंदर सिंग केसमध्ये सांगितलंय की पोलिसांत लगेच तक्रार दिली असेल तर नुसतं कंपनीला उशिरा कळवलं या कारणावर चोरीचा क्लेम नाकारता येत नाही. बघा, इथेही एफआयआरची तारीखच वाचवते.

कागदं लागतात ती: क्लेम फॉर्म, एफआयआर, आरसी आणि आरटीओचं आरसी पर्टिक्युलर्स (गाडीच्या नोंदणीचा उतारा), पॉलिसी, दोन्ही ओरिजिनल चाव्या, आरटीओचे मालकी बदलाचे सही केलेले फॉर्म २८, २९, ३०, लोन असेल तर बोजा उतरवायचा फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी, स्टॅम्प पेपरवर सब्रोगेशन लेटर (गाडीवरचे हक्क कंपनीला देतो असं पत्र), केवायसी, कॅन्सल चेक. एक चावी आधीच हरवलेली असेल तर पहिल्याच दिवशी लेखी सांगा. लोन असेल तर पैसे आधी बँकेला जातात, उरले तर तुम्हाला. आणि ईएमआय या सगळ्यात चालूच राहतो, थांबवू नका, सिबिल खराब होतं.

सेकंड हँड गाडी घेऊन आरसी नावावर केली पण पॉलिसी जुन्याच मालकाच्या नावावर, असे लोक पुण्यात ढिगाने आहेत. त्यांचा क्लेम इथे अडकतो. गाडी घेतल्यापासून १४ दिवसांत पॉलिसी ट्रान्सफरसाठी अर्ज करायचा असतो.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो "ए समरी"ला. म्हणजे गुन्हा खरा आहे पण आरोपी आणि माल मिळाला नाही असा पोलिसांचा शेवटचा अहवाल, तो कोर्टात मंजूर व्हावा लागतो, शहरातल्या केसेसचा शिवाजीनगर कोर्टात. कंपनी त्याची सही-शिक्क्याची कॉपी मागते. पाठपुरावा करायचा अधिकार तुम्हाला आहे, नवीन कायद्यात फिर्यादीला ९० दिवसांत तपास कुठवर आला ते कळवायचं असतं. कंपनीने नाकारलं किंवा तक्रारीला महिनाभर उत्तर दिलं नाही तर विमा लोकपाल आहेत, पुण्याचं ऑफिस नारायण पेठेत न. चिं. केळकर रोडला आहे, फी नाही, वकीलही लागत नाही.

क्लेमचे पैसे मिळाल्यावर गाडी सापडली किंवा फोन आला तर ती गाडी आता कंपनीची आहे. परस्पर व्यवहार करू नका, कंपनीला आणि पोलिसांना दोघांना कळवा.

पोलिसांना गाडी सापडली तर

गाडी मुद्देमाल म्हणून जमा होते, थेट चावी हातात देत नाहीत. कोर्टात अर्ज करावा लागतो, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४९७ आणि ५०३, वकिलांच्या तोंडात अजून जुन्या सीआरपीसीचे ४५१, ४५७ असतात, तेच हे. सोबत आरसी, चालू इन्शुरन्स, आधार, एफआयआरची कॉपी आणि हमीपत्र. पोलिसांचं म्हणणं मागवतात, मग बाँडवर गाडी सुपूर्दनाम्यावर, म्हणजे केस संपेपर्यंत सांभाळायला म्हणून, मिळते. अटी साधारण अशा की विकायची नाही, रंग किंवा काही बदल करायचा नाही, बोलावलं की हजर करायची. ठाण्याच्या आवारात धूळ खात, टायर बसलेल्या, नंबरावर चुन्याने गु.र.नं. लिहिलेल्या गाड्या सगळ्यांनी बघितल्यात, त्यातल्या कितीतरींचे मालक अर्जच करत नाहीत. सुप्रीम कोर्टाने २००२ मध्येच सुंदरभाई देसाई केसमध्ये सांगितलंय की फोटो, पंचनामा करून गाड्या लवकर सोडा, ठाण्यात सडवू नका. अर्जात त्याचा उल्लेख वकिलाला करायला सांगा.

गाडी ताब्यात घेताना पंचनाम्यात काय काय लिहिलंय ते वाचा, स्टेपनी, बॅटरी, म्युझिक सिस्टीम, जे नाही ते "नाही" असं लिहून घ्या, नुकसानीचा क्लेम लावायचा असेल तर हाच कागद लागतो. मग ठाण्याकडून गाडी मिळाल्याचं पत्र घेऊन चोरीची नोंद काढून टाकायला लेखी अर्ज द्या, पोलिसांच्या आणि आरटीओच्या दोन्ही रेकॉर्डवरून. एमएच १२ असेल तर संगम पुलाजवळच्या आरटीओत. ती नोंद निघेपर्यंत कोर्टाच्या आदेशाची खरी नक्कल गाडीतच ठेवा.