गाठ तीच, नावे बदलली

जबड्याच्या जुन्या रिपोर्टवर ‘अडमँटिनोमा’ लिहिलेले असते, घरचे लोक मोबाइलवर शोधतात आणि नडगीच्या हाडाचा कर्करोग समोर येतो. रुग्ण मुंबई सेंट्रलच्या नायर दंत महाविद्यालयात पोहोचेपर्यंत घर हादरलेले असते. फ्रेंच शास्त्रज्ञ मालासेने १८८५ मध्ये जबड्यातल्या या गाठीचे नाव इनॅमलवरून, म्हणजे दाताच्या कडक आवरणावरून ठेवले होते. पण गाठीत इनॅमल बनतच नाही, म्हणून १९३० च्या दशकात ‘अमेलोब्लास्टोमा’ नाव आले. जुने नाव नडगीच्या त्या वेगळ्या गाठीकडे राहिले.

जबड्यातली ही गाठ सहसा दुखत नाही. त्यामुळे सूज दाढेची समजून दाढ काढली जाते, अँटिबायोटिकचे कोर्स होतात, वर्ष निघून जाते. अंगठ्याने दाबल्यावर पातळ झालेले हाड अंड्याच्या टरफलासारखे कुरकुरते. ओपीजीत, म्हणजे पूर्ण जबड्याच्या एक्स-रेत, साबणाच्या फेसासारखे कप्पे दिसतात. बायोप्सीआधी जाड सुईने ओढून पाहावेच: पिवळसर पाणी आले तर पुढे जाता येते, ताजे रक्त भरभरून आले तर तिथेच थांबायचे, कारण ती रक्तवाहिन्यांची गाठ असू शकते.

पूर्वी ही गाठ खरवडून काढत. ती निम्म्याहून अधिक वेळा परतल्याच्या नोंदी आहेत, कारण तिच्या पेशी स्पंजासारख्या हाडाच्या पोकळ्यांत एक्स-रेवरच्या कडेपलीकडे काही मिलिमीटर शिरलेल्या असतात. म्हणून भोवतीचे १ ते १.५ सेंटिमीटर निरोगी हाडही काढतात. जबड्याची खालची कड सुमारे १ सेंटिमीटर वाचली तर जबडा अखंड राहतो; नाही तर पायातले फिब्युला हाड बसवावे लागते. सर्जन हिडाल्गोने १९८९ मध्ये जबड्यासाठी ही पद्धत मांडली. १९७७ मध्ये रॉबिन्सन आणि मार्टिनेझ यांनी या गाठीचा एकाच पोकळीचा, कमी पसरणारा प्रकार वेगळा केला, त्यामुळे अनेक तरुणांचा जबडा कापण्यापासून वाचला. मात्र गाठ पोकळीच्या भिंतीत शिरली असेल तर ही सवलत नाही, आणि बायोप्सीच्या लहानशा तुकड्यात हे शिरणे निसटू शकते.

जबड्यातच होणाऱ्या केरॅटोसिस्टच्या नावाचे हाल याहून वाईट. १९५६ मध्ये फिलिप्सेनने ती सिस्ट, म्हणजे अस्तर असलेली पोकळ पिशवी, म्हणून वर्णिली, २००५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिला ट्यूमर ठरवले, २०१७ मध्ये पुन्हा सिस्ट. तिचे अस्तर कागदासारखे फाटते. मागे राहिलेल्या तुकड्यातून ती पुन्हा उगवते. म्हणून अस्तर काढल्यावर भोवतीचे हाड बरने (ड्रिलच्या फिरत्या टोकाने) थोडे घासतात.

दुसऱ्या रुग्णालयात जाताना नुसता रिपोर्ट नेऊ नये. बायोप्सीच्या मूळ काचेच्या स्लाइड आणि तुकडा जपलेले मेणाचे ब्लॉक मागून घ्यावेत. ते नव्याने तपासता येतात.