लेझर रेंजफाइंडर: घेण्याआधी आणि घेतल्यावर

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

लांबूनच अंतर मोजणारा रेंजफाइंडर हातात आला की प्रत्येक जण आधी तो रस्त्यापलीकडच्या इमारतीवर धरतो, बटण दाबतो आणि आकडा बघून खूश होतो. खरी अडचण नंतर शेतात येते. उसाच्या फडापलीकडची विहीर पावणेदोनशे मीटरवर असावी असं वाटत असतं आणि यंत्र ४२ दाखवतं. मग यंत्र बिघडलं म्हणून आम्हाला फोन येतो. यंत्र बिघडलेलं नसतं, त्यानं उसाच्या पात्याचं अंतर सांगितलेलं असतं. हे पत्रक आम्ही बिलाबरोबर देतो, पण जमलं तर बिल करण्याआधी वाचा. काही कामांना हे यंत्र घेऊच नये, आणि ती कामं कोणती हेही यात लिहिलं आहे.

आत काय होतं

बटण दाबताच यंत्रातून लेझरचा अगदी क्षणभराचा झोत निघतो. तो समोरच्या वस्तूवर आपटतो, त्यातला थोडा प्रकाश परत येतो, आणि जाऊन यायला किती वेळ लागला यावरून अंतर काढलं जातं. प्रकाश सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातो, म्हणजे सेकंदाच्या एक अब्जाव्या भागात फक्त ३० सेंटिमीटर. १०० मीटरवरच्या भिंतीवरून परत यायला त्याला सेकंदाचे असे ६६७ अब्जांश लागतात. एवढा बारीक वेळ मोजणारं घड्याळ खिशातल्या यंत्रात बसतं, म्हणून एक मीटर इकडेतिकडे होण्याला आम्ही दोष मानत नाही. हीच रीत वापरून १९६९ साली अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर ठेवलेल्या परावर्तकावरून पृथ्वी-चंद्र अंतर मोजलं गेलं आणि आजही मोजलं जातं. त्या प्रकाशाला जाऊन यायला अडीच सेकंद लागतात.

आमच्याकडच्या बहुतेक यंत्रांचा प्रकाश ९०५ नॅनोमीटरचा, म्हणजे अवरक्त असतो. तो डोळ्यांना दिसत नाही. आत दिसणारी फुली किंवा चौकट ही केवळ नेम धरायची खूण आहे. झोत सुद्धा दोऱ्यासारखा बारीक राहत नाही, बॅटरीच्या उजेडासारखा लांब जाईल तसा पसरतो. १०० मीटरवर वीतभर रुंद असलेला झोत ५०० मीटरवर पाऊण मीटरचा झालेला असतो. तेवढ्या जागेत बांधावरची बाभळ, विजेची तार किंवा गवताचा तुरा आला तर त्यावरूनही प्रकाश परत येतो.

यासाठी यंत्रात दोन पद्धती असतात. एका पद्धतीत सगळ्यात जवळची वस्तू धरली जाते, दुसरीत सगळ्यात लांबची. मोकळ्या माळावर खांब मोजायचा असेल तर जवळची ठेवा. ऊस, मका, झुडपं किंवा कुंपणाच्या पलीकडे बघायचं असेल तर लांबची. मघाच्या विहिरीचा प्रश्न एवढ्याने सुटतो. मात्र पाती दाट असतील तर प्रकाश पलीकडे पोचतच नाही. अशा वेळी बांधाच्या टोकाला जाऊन मोजा.

डब्यावरच्या १००० मीटरचा अर्थ

डब्यावर १००० मीटर लिहिलेलं असतं ते चकचकीत, परावर्तक पाटीसाठी. झाडाच्या खोडासाठी त्याहून बरंच कमी धरा, आणि काळ्या, ओल्या अंगाच्या म्हशीसाठी निम्मं किंवा त्याहूनही कमी. चुन्याची पांढरी भिंत लांबून मिळते, काळी ताडपत्री जवळूनही कधी कधी मिळत नाही. भर दुपारच्या उन्हात पल्ला घटतो, ढगाळ सकाळी वाढतो. काचेतून, गाडीच्या खिडकीतून मोजू नका.

पावसाळ्यातलं आमच्या बेळगाव भागाचं सांगायलाच हवं. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाटाकडे जूनपासून जे धुकं बसतं त्यात हे यंत्र चालत नाही. धुक्याच्या थेंबांवरूनच प्रकाश परत येतो आणि समोर काहीच नसताना २०-३० मीटर असा आकडा येतो. रिमझिम असेल तर लांबची पद्धत लावून काम निघतं, दाट धुक्यात कुठल्याच पद्धतीनं निघत नाही. गोकाकचा धबधबा सुमारे ५२ मीटर उंच आहे, पण पाणी जोरात असताना समोरून मोजाल तर खडकाऐवजी तुषारांचं अंतर मिळेल.

चढावर कोणतं अंतर हवं?

सगळ्यात जास्त चुका इथं होतात आणि पैसाही इथंच जातो, म्हणून जरा सविस्तर.

समजा विहीर खाली ओढ्याकाठी आहे आणि पाणी वरच्या माळावर न्यायचं आहे. विहिरीजवळ उभं राहून वरच्या टोकाला यंत्र धरलं तर १२० मीटर आणि १५ अंश चढ असं दिसलं. यात तीन वेगवेगळी अंतरं आहेत. तिरकं अंतर १२० मीटर. जमिनीच्या नकाशावर दिसेल ते आडवं अंतर ११६ मीटर. आणि उंची ३१ मीटर.

पाइप तिरक्या अंतराचा लागतो. ६ मीटरचे २० पाइप, शिवाय जमीन सरळ नसते म्हणून एखाददुसरा वर. मोटार घेताना मात्र उंची बघायची. ३१ मीटर चढाला पाण्याचा दाबच ३ किलोच्या (दर चौरस सेंटिमीटरला) वर जातो. त्यात विहिरीतल्या पाण्याची खोली आणि पाइपातलं घर्षण मिळवलं की ४ किलोचा पाइप अगदी काठावर येतो, तिथं ६ किलोचाच घ्यावा. नुसतं १२० मीटर सांगून मोटार आणि पाइप घेणारे शेतकरी आम्ही बघतो. पहिल्या उन्हाळ्यात सांधे फुटले की दोष पाइपाला लागतो.

यंत्रात आडवं अंतर दाखवणारी एक खास पद्धत असते, ती बहुतेक वेळा आधीपासूनच चालू असते. पाइप मोजायच्या आधी ती बंद करा. पटांगण, प्लॉट, झाडांच्या ओळी मोजताना चालू ठेवा. चढ १० अंशांपेक्षा कमी असेल तर फारसा फरक पडत नाही, १०० चे ९८.५ होतात. ३० अंशाला मात्र १०० चे ८६.६ होतात.

मोजताना वरच्या टोकाला एका माणसाला खताची पांढरी गोणी धरून उभं करा. पांढऱ्यावरून प्रकाश चांगला परततो. गोणी तुमच्या डोळ्यांच्या उंचीएवढी वर धरायला सांगा, नाहीतर कोन चुकतो. १२० मीटरवर एका अंशाची चूक म्हणजे उंचीत २ मीटरची चूक. हात टेकवून, श्वास रोखून, तीन-चार वेळा मोजा आणि मधला आकडा धरा.

वीज कंपनीच्या, म्हणजे हेस्कॉमच्या टीसीपासून (ट्रान्सफॉर्मरपासून) बोअरपर्यंत केबल किती लागेल, कॅनॉलपासून शेततळं किती लांब, घरावर झुकलेलं नारळाचं झाड तोडलं तर कुठपर्यंत पडेल, या सगळ्याला हे यंत्र उत्तम.

ज्या कामांना हे यंत्र घेऊ नये

जमिनीची हद्द. हे आम्ही प्रत्येकाला तोंडानंही सांगतो. १०० मीटर बाय १०० मीटरच्या तुकड्यात प्रत्येक बाजूला एक मीटरची चूक झाली तर क्षेत्रात सुमारे २०० चौरस मीटर, म्हणजे २ गुंठ्यांचा फरक पडतो. दोन गुंठ्यांवरून सख्खे भाऊ कोर्टात गेलेले या भागात कुणाला सांगायला नकोत. बांधाचा प्रश्न असेल तर सर्वे खात्याकडे रीतसर मोजणीचा अर्ज करा. रेंजफाइंडरचा आकडा घेऊन शेजाऱ्याच्या दारात जाऊ नका.

घराचं काम. फरशी, खिडक्या, भिंती यांना लाल ठिपक्याचं लेझर मीटर लागतं. ते वेगळं यंत्र आहे, त्याची चूक दोन-तीन मिलिमीटरची असते आणि किंमतही कमी. बाहेर उन्हात मात्र त्याचा ठिपका थोड्या अंतरापुढं दिसत नाही.

शिकारीबद्दल

परदेशी कंपन्यांच्या डब्यावर हरणाचं किंवा रानडुकराचं चित्र असतं. तिकडे परवान्यानं शिकार करणाऱ्यांसाठी हे यंत्र मुळात खपतं आणि त्यामागं कारणही आहे. बाण आणि गोळी दोन्ही जाता जाता खाली येतात, अंतर चुकलं की जनावर जखमी होऊन जंगलात शिरतं आणि तडफडून मरतं. झाडावरच्या मचाणावरून खाली नेम धरताना तिरकं अंतर न धरता आडवं धरावं लागतं, कारण गुरुत्वाकर्षणानं होणारा उतार आडव्या अंतरावर ठरतो. कोनाची सोय यंत्रात त्यातूनच आली. तुमच्या पाइपलाइनच्या कामाला ती आली, हे चांगलंच झालं.

आपल्याकडे शिकारीला वाव नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि त्यात शिकार म्हणजे केवळ मारणं नव्हे. सापळा लावणं, विष घालणं, आमिष ठेवणं, हाकारा घालून जनावर पळवणं आणि यातला नुसता प्रयत्न सुद्धा शिकारच धरला जातो. गवा, हत्ती, बिबट्या हे पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यांच्या शिकारीला किमान ३ आणि कमाल ७ वर्षांची कैद आहे. खानापूर तालुक्यातलं भीमगड २०११ साली अभयारण्य झालं, त्याच्या आसपास वावरणाऱ्यांनी तर हे ध्यानात ठेवावंच. शिकारीसाठी म्हणून कुणी मागितलं तर आम्ही यंत्र देत नाही. जुने ग्राहक असले तरी नाही.

पण पिकाचं दुःख आम्हाला कळतं. चार महिने राबून वाढवलेलं भात गव्यांच्या कळपानं एका रात्रीत तुडवलं की माणसाच्या मनात काय येतं ते राखणीला जाणारा प्रत्येक जण जाणतो. त्यासाठी वनखात्याकडे नुकसानीचा अर्ज करा. फोटोबरोबर तुडवलेल्या पट्ट्याची लांबी-रुंदी अंदाजानं लिहायला हे यंत्र कामाला येतं, पंचनामा खात्याचीच माणसं करतील. आणि राखणीच्या माळ्यावरून संध्याकाळी कळप किती लांब आहे हे बघायलाही ते चांगलं आहे. गवा मान वर करून तुमच्याकडे टक लावून बघायला लागला, तर आकडा कितीही असो, मागं सरा. रात्री मात्र याचा भरवसा धरू नका. साध्या पडद्यावरचे काळे आकडे अंधारात दिसत नाहीत. लाल आकड्यांच्या यंत्रातले दिसतात, पण जनावरच दिसत नसेल तर नेम कशावर धरणार?

डोळ्यालाही शिकवा

यंत्र घेतल्यावर आधी डोळ्यानं अंदाज करा, तो बोलून दाखवा आणि मग बटण दाबा. मुलांना हा खेळ फार आवडतो, आणि त्यांचा अंदाज मोठ्यांपेक्षा लवकर सुधारतो. क्रिकेटच्या खेळपट्टीच्या दोन टोकांच्या स्टंपांमधलं अंतर २०.१२ मीटर, हे सगळ्यांच्या डोळ्यात बसलेलं असतं, त्याच्या पटीत मोजायला लागा.

डोळा कुठं फसतो हेही लवकरच कळतं. हिडकल धरणाच्या पाण्यापलीकडचा काठ, येळ्ळूरच्या राजहंसगडावरून दिसणारी दरीपलीकडची घरं, पावसानंतरच्या स्वच्छ उन्हातला डोंगर, हे सगळं असतं त्याहून जवळ वाटतं. तिन्हीसांजेला किंवा लांबट वाटेच्या टोकाला बघताना उलटं होतं, वस्तू लांब वाटते.

यंत्र घरी राहिलं असेल तर अंगठा आहेच. हात सरळ पुढे ताणा, अंगठा उभा धरा, एक डोळा मिटून तो लांबच्या वस्तूवर आणा. मग डोळे बदला. अंगठा बाजूला सरकल्यासारखा दिसेल. तो तिथं किती मीटर सरकला याचा अंदाज करा आणि दहानं गुणा. उभ्या बसच्या दोन लांबी सरकला तर साधारण २२ मीटर, म्हणजे बस २२० मीटरवर आहे. दोन डोळ्यांमधलं अंतर हाताच्या लांबीच्या साधारण एक दशांश असतं, म्हणून हे जमतं.

जपणूक

यातला लेझर डोळ्यांना सुरक्षित अशा पहिल्या वर्गातला आहे, तरी कुणाच्या डोळ्यांवर धरू नका. आणि यंत्रातून सूर्याकडे कधीही बघू नका. ती दुर्बीणच आहे, डोळा कायमचा जाईल. लष्कराच्या कॅम्पच्या हद्दीत, सांबरा विमानतळाजवळ किंवा विमानावर ते रोखू नका.

आपल्याकडच्या दमट पावसाळ्यात भिंगाला बुरशी धरते, एकदा धरली की जात नाही. जून ते सप्टेंबर यंत्र कातडी पाकिटात न ठेवता हवाबंद डब्यात, ओल शोषणाऱ्या पुड्यांसोबत ठेवा. वापरायचं नसेल तर आतला ३ व्होल्टचा सीआर-२ सेल काढून ठेवा. भिंगावरची धूळ आधी फुंकणीनं उडवा, मगच मऊ कापड लावा. धोतराच्या सोग्यानं पुसू नका, चरे पडतात. पत्रिकेवर आयपीएक्स-४ लिहिलं असेल तर ते पावसाच्या शिंतोड्यांपुरतं आहे, ओढ्यात पडलं तर वाचणार नाही.

आकडा गज दाखवतोय की मीटर हे आधी बघा. गज म्हणजे ०.९१४४ मीटर. नवीन यंत्रं बरेचदा गजावर लावूनच येतात, आणि चुकतंय म्हणून आलेल्या यंत्रांतली पुष्कळशी एवढ्यावरच ठीक होतात. मीटरवर असूनही शंका वाटली तर टेपनं ३० मीटर मोजून पांढऱ्या भिंतीसमोर उभे राहा आणि सकाळच्या वेळी पाच वेळा मोजा. फरक एक मीटरच्या वर जात असेल तर डबा आणि बिल घेऊन दुकानात या. नवीन सेल घालून तुमच्यासमोरच तपासून देऊ.