जर्मनी परत कोळशावर गेली म्हणे? नाही गेली

"जर्मनीने अणुभट्ट्या बंद केल्या आणि आता परत कोळसा जाळत बसलीय" हा मेसेज कितीतरी वर्षं फिरतोय, सोबत खाणीसाठी पवनचक्की पाडतानाचा फोटो असतो. फोटो खरा आहे, गार्झवायलरच्या कोळसा खाणीजवळच्या काही जुन्या पवनचक्क्या खरंच काढल्या, आणि ते बघून मलाही वाईटच वाटलं. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष साफ चुकीचा आहे.

आकडे बघा ना. 2000 साली तिथली जवळपास निम्मी वीज कोळशाची होती, 2023 मध्ये ती साधारण पाव भागावर आली, आणि शेवटच्या 3 अणुभट्ट्या 15 एप्रिल 2023 ला बंद झाल्या त्याच वर्षी कोळशाची वीज वाढली नाही, उलट धाडकन कमी झाली. आज वाऱ्याची वीज तिथे एक नंबरला आहे.

मग ही अफवा आली कुठून? 2022 मधून. रशियाचा गॅस तुटला, शेजारी फ्रान्सच्या बऱ्याच अणुभट्ट्या दुरुस्तीसाठी बंद, म्हणून राखीव ठेवलेले काही कोळशाचे प्लांट परत चालू केले आणि त्या वर्षी कोळसा खरंच वाढला. लोकांनी तेवढंच एक वर्ष धरून ठेवलं.

अणुभट्ट्यांआधी कोळसा बंद करायला हवा होता असं कोणी म्हटलं तर मी लगेच मान्य करीन, तो वेगळा आणि रास्त मुद्दा आहे. कोळसा पूर्ण थांबवायची कायद्यातली मुदत 2038 आहे, मला ती फार लांबची वाटते.