दुखणं तेलाचं, उपाय हवेचा

हौशी लोकांनी बांधलेल्या विमानांतही वापरल्या जाणाऱ्या व्हँकेल जातीच्या रोटरी इंजिनात पिस्टन नसतो. फुगीर बाजूंचा एक त्रिकोणी रोटर बंद कवचात फिरत असतो. कवचाच्या भिंतींतून पाणी खेळवता येतं, पण फिरत्या रोटरपर्यंत ते पोचवणार कसं? म्हणून रोटर आतून पोकळ ठेवतात आणि मधल्या शाफ्टमधल्या छिद्रांतून त्याच्या पोटात तेल उडवतात. साध्या इंजिनात तेलाचं मुख्य काम वंगणाचं. इथे मात्र रोटर थंड ठेवण्याची जबाबदारीही त्याच्यावरच येते. पाणी आणि तेल मिळून जेवढी उष्णता बाहेर नेतात, तिच्यातला साधारण एक तृतीयांश वाटा तेलाचा, असा ढोबळ हिशेब धरतात. त्यामुळे तेल निववणारा ऑइल कूलर हा इथे दुसरा रेडिएटरच ठरतो.

(पहिल्या महायुद्धातल्या ‘रोटरी’ इंजिनांशी याची गल्लत नको. त्यांत सिलिंडरांचा अख्खा गठ्ठा प्रोपेलरसकट गरगरायचा आणि एरंडेल तेल एकदा वापरलं की धुराबरोबर बाहेर फेकलं जायचं. कूलर लावायला तेल परत यायचंच नाही!)

हौशी विमानबांधणीत माझदाच्या मोटारीतलं १३बी हे दोन रोटरांचं, १३०८ सीसीचं इंजिन बरंच वापरलं गेलं आहे. मग मोटारीचाच कूलर का नको? चालतो, पण मोटार पूर्ण ताकद लावते ती काही सेकंद. विमान उड्डाणानंतर कित्येक मिनिटं तशीच ताकद लावून चढत राहतं.

समजा, तेलातून ३० किलोवॉट उष्णता काढायची आहे, म्हणजे २ किलोवॉटच्या १५ गीझरांएवढी. तेलाची उष्णता धरण्याची क्षमता पाण्याच्या जेमतेम निम्मी. मिनिटाला ४० लिटर तेल कूलरमधून फिरलं, तर ते सुमारे २५ अंशांनी निवेल. हीच उष्णता घेताना हवा ३० अंशांनी तापू द्यायची, तर दर सेकंदाला साधारण १ किलो हवा कूलरच्या जाळीतून जायला हवी. जवळजवळ एक घनमीटर, आणि तेही दर सेकंदाला!

ही हवा ढकलणार कोण? विमानाचा वेग. ताशी ३०० किलोमीटरला समोरून येणाऱ्या हवेचा दाब सुमारे ४३ सेंटीमीटर पाण्याच्या स्तंभाएवढा असतो. चढताना वेग १५० वर आला, की दाब निम्मा नाही, चौथा हिस्सा उरतो. नेमकी तेव्हाच इंजिनाची उष्णता सर्वाधिक असते. कूलर निवडायचा तो या चढाईसाठी. समतल उड्डाणात जास्त झालेली हवा हवा बाहेर पडण्याच्या तोंडावरच्या झडपेने आवरता येते.

कूलरची जाडीही यावरच ठरते. जाड, लहान तोंडाचा कूलर जागा कमी घेतो, पण हवा रेटायला दाब जास्त मागतो. संथ विमानाला पातळ आणि रुंद कूलर बरा. मला विचाराल, तर कूलर एक नंबर मोठा घेण्याआधी त्याची डक्ट, म्हणजे हवा आणून सोडणारी बंद वाट, नीट करावी. अरुंद तोंडातून शिरलेली हवा हळूहळू रुंदावणाऱ्या वाटेत मंदावते आणि तिचा वेग दाबात बदलतो. वाट एकदम रुंदावली, तर हवा भिंत सोडून भोवरे करते. कूलरच्या कडेला फट राहिली, तर हवा जाळी टाळून तिथूनच पळते. बाहेर पडायची जागाही कमी दाबाची हवी, नाहीतर पुढून कितीही रेटा, हवा तुंबते.

तेलाच्या बाजूचा प्रश्न वेगळा. थंड तेल घट्ट असतं. बारीक नळ्यांत ते अडून बसलं, तर इंजिनापर्यंत पोचणारा दाब घटतो. म्हणून थर्मोस्टॅटचा बायपास हवाच. तेल गरम होईपर्यंत तो कूलरला वळसा घालून देतो. तेल फार थंड राहणंही वाईट, कारण त्यातलं पाणी उडून जात नाही. तेलाचे होजही पुरेसे रुंद हवेत.

जुना कूलर घेताना एकच गोष्ट विचारा: तो ज्या इंजिनावर होता त्याचं काय झालं? ते निकामी झालं असेल, तर धातूचा कीस त्या नळ्यांत अडकलेला असतो आणि धुऊनही तो पूर्ण निघाला याची खात्री देता येत नाही.